आवाज येतो तरी कधी?

सेकंडहँड गाडी घेतलेल्यांची पत्रं लगेच ओळखू येतात. पहिल्या दोन ओळींत गाडी किती झकास मिळाली याचं कौतुक असतं, तिसऱ्या ओळीपासून आवाज सुरू होतो. मग त्या आवाजाची नक्कल: घुर्र, खडखड, कुईं, टकाटक. मी या नकला आवडीने वाचतो, पण त्यांच्यावरून निदान होत नाही. एकाच बेअरिंगच्या आवाजाला कोणी ‘भुंगा’ म्हणतं, कोणी ‘हेलिकॉप्टर’. आवाज कधी सुरू होतो, काय केलं की बदलतो आणि काय केलं की थांबतो, ते लिहा. निम्मं काम तिथेच होतं. या वेळची पत्रं त्या मानाने बरी आहेत.

काका, आठ वर्षं वापरलेली हॅचबॅक घेतली. वेग साठच्या वर गेला की खालून ‘घूं’ असा आवाज येतो आणि वेगाबरोबर वाढत जातो. एक जण म्हणतो टायर बदल, दुसरा म्हणतो गिअरबॉक्स उघडावा लागेल. कोणाचं ऐकू?

तूर्त कोणाचंच नको. गिअरबॉक्स उघडा म्हणणाऱ्याचं तर मुळीच नको, कारण त्याने गाडी चालवून पाहिल्याचं तू कुठेच लिहिलेलं नाहीस.

आधी इंजिनला संशयितांच्या यादीतून काढू. सरळ, सपाट, रिकामा रस्ता बघ. आवाज येतो त्या वेगाला क्लच दाब आणि क्षणभर गाडी न्यूट्रलमध्ये टाक. इंजिन मात्र चालूच ठेवायचं. चालत्या गाडीत इंजिन बंद केलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर दोन-चारदा पाय दिल्यावर संपतो. न्यूट्रलमध्ये इंजिनचे फेरे खाली येतील. त्यांच्याबरोबर आवाजही खाली आला तर शोध इंजिनच्या बाजूला. आवाज जसाच्या तसा राहिला तर तो चाकांबरोबर फिरणाऱ्या कशाचा तरी आहे. तुझ्या वर्णनावरून हेच होईल असं वाटतं.

आता उरले टायर, चाकाचं बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं ते) आणि डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी. डिफरन्शियलचा आवाज ॲक्सिलरेटर देताना एक आणि सोडताना दुसरा असा बदलतो. बेअरिंगला ॲक्सिलरेटरचं सोयरसुतक नसतं. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो: खरखरीत काँक्रीटवर मोठा, नव्या गुळगुळीत डांबरावर जवळजवळ गायब. बेअरिंग सगळ्या रस्त्यांवर एकाच सुरात गातं.

बेअरिंगवर संशय आला की मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, स्टिअरिंग हलकेच डावीकडे आणि मग उजवीकडे ने. गाडी उजवीकडे वळते तेव्हा वजन डाव्या चाकांवर जातं. त्या वेळी आवाज वाढला तर बहुधा डावं बेअरिंग गेलंय, उलट झालं तर उजवं. मग जॅकवर गाडी उचलून, खाली जॅक स्टँड लावून (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही) चाक हाताने फिरव आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या, म्हणजे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेच्या, स्प्रिंगवर ठेव. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना जाणवते, कानाला ऐकू येत नसली तरी. चाक वर-खाली धरून हलवलं आणि ढिलं लागलं तर प्रकरण बरंच पुढे गेलंय. ते बेअरिंगच असेल किंवा चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा बॉल जॉइंट असेल. दोन्ही बाबतींत गाडी त्या दिवशी रस्त्यावर न्यायची नाही.

टायरचाच संशय उरला तर पुढचे मागे आणि मागचे पुढे करून बघ. आवाजाने जागा बदलली तर टायर. तळहात टायरच्या नक्षीवरून एकदा पुढे, एकदा मागे फिरव. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखा लागला तर तो उंचसखल झिजलाय. अशा वेळी नुसते टायर बदलून भागत नाही. अलाइनमेंट (चाकांचे कोन) आणि शॉक ॲब्सॉर्बरही तपासून घे, नाहीतर नवे टायरही काही दिवसांनी तेच गाणं म्हणतील.

सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटमधून इतक्या जोरात किंचाळी येते की शेजारी खिडकीतून डोकावतात. दोन मिनिटांत थांबते. पावसाळी हवेत जास्त. घरात सगळे म्हणतात बेल्ट बदला, बदललाही. पुन्हा तेच.

बेल्टने ओरडायला सुरुवात केली म्हणून बेल्टच दोषी, हा फार जुना गैरसमज आहे. बेल्ट घसरतोय, म्हणून ओरडतोय. तो का घसरतोय ते बघायला हवं. रात्रभरात बॅटरी थोडी उतरलेली असते, स्टार्टरने आणखी ओढलेली असते, त्यामुळे पहिल्या मिनिटांत अल्टरनेटरवर, म्हणजे या बेल्टवर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्रावर, सगळ्यात जास्त भार येतो. त्यात दमट हवा. भार उतरला की किंचाळी थांबते. म्हणून तुमची दोन मिनिटं.

एक चाचणी घरी करता येते. इंजिन चालू असताना, बाही, ओढणी, केस सगळं आवरून, दुरूनच स्प्रेच्या बाटलीने बेल्टच्या रेघा असलेल्या बाजूवर थोडं पाणी उडवा. आवाज वाढला तर ताण कमी आहे: बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर थकलाय, किंवा बेल्टवर तेल आलंय. क्षणभर थांबून परत आला तर एखादी पुली सरळ रेषेत नाही. तुम्ही नुसता बेल्ट बदललात, टेन्शनर जुनाच राहिला असेल, असा माझा अंदाज आहे. बेल्टवर लावायचे ते फवारे आणू नका. चार दिवस शांतता मिळते आणि धूळ चिकटून बेल्ट लवकर जातो.

खड्ड्यात एक चाक गेलं की पुढून ‘टक्’. गंमत म्हणजे मोठ्या स्पीड ब्रेकरवर काही नाही. गॅरेजवाले म्हणतात दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर बदला.

गंमत नाही, हा पुरावा आहे. दोन्ही चाकं एकदम वर गेली की अँटिरोल बारला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडी कलंडू न देणाऱ्या दांड्याला, पीळ बसत नाही. एकच चाक खाली गेलं की बसतो. म्हणजे आवाज बहुधा त्या बारच्या लिंक रॉडचा (जोडदांडीचा) किंवा बुशचा (रबरी बैठकीचा). स्पीड ब्रेकरवरून मुद्दाम तिरकी, हळू गाडी घाला. तेव्हा वाजली तर संशय पक्का. लिंक रॉड ही शॉकच्या तुलनेत किरकोळ वस्तू आहे. शॉक गेलाय का हे आवाजावर नाही, तर तेल गळतंय का आणि गाडी एका धक्क्यानंतर किती वेळ हेलकावते यावर ठरतं. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग उडी मारल्यासारखी ‘टणक्’ वाजत असेल, तर वरचं स्ट्रट माउंट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक वर जिथे बसतात ती बैठक, बघायला सांगा.

पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना कटकटकट असा आवाज येतो. सरळ जाताना काही नाही.

ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा सीव्ही जॉइंट (वळतानाही फिरता राहणारा सांधा). चाकाच्या आतल्या बाजूला त्या सांध्यावर घड्यांचं रबरी आवरण, म्हणजे बूट, असतं, ते फाटलेलं आणि आजूबाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. बूट फाटून आवाज यायच्या आधी लक्षात आलं तर नुसतं बूट आणि ग्रीस बदलून निभावतं. आवाज आल्यावर जॉइंटच बदलायचा.

सर, क्लच दाबला की घर्र येतं. माझ्या भावाच्या गाडीत उलट आहे: न्यूट्रलमध्ये येतं आणि क्लच दाबला की थांबतं. दोघांचा रोग एकच का?

नाही. तुमचं क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग, कारण पेडल दाबल्यावरच त्याच्यावर दाब येतो. भावाचं बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून गती आत घेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. क्लच दाबला की इनपुट शाफ्ट फिरायचा थांबतो, म्हणून आवाजही थांबतो. तुमच्या कामाला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा क्लच प्लेटही त्याच वेळी बघून घ्या. भावाला गिअरबॉक्सचं तेल आधी तपासायला सांगा.

इंजिनमधून टकटक येते. ओळखीचे मेकॅनिक म्हणाले, जाड ऑइल टाकू, आवाज दबेल. टाकू का?

आवाज दाबायला मुळीच नाही. गाडी विकायच्या आदल्या दिवशी असे उपाय होतात, हे सेकंडहँड गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. इंजिनला कोणतं ऑइल लागतं ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. त्याहून जाड ऑइल थंड इंजिनमध्ये वरच्या भागापर्यंत उशिरा पोचतं, आणि इंजिनची बरीचशी झीज नेमकी त्याच वेळी होते.

पण तुमची टकटक कोणती, हे तुम्ही लिहिलं नाही. आधी सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक बघा. पातळी कमी असेल तर ऑइल भरा आणि मग ऐका. आश्चर्य वाटेल इतक्या टकटकी इथेच संपतात.

पातळी ठीक असूनही आवाज असेल तर तीन शक्यता वेगळ्या करा. पहिली, हलकी टिकटिक, फक्त थंड असताना, वरून. बहुधा हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे, तेलाने भरलेले छोटे भाग, ज्यांतून रात्रभरात तेल खाली उतरतं. टॅपेट हलवणारा कॅमशाफ्ट हा क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) क्रँक मिनिटाला 800 फेरे घेत असेल तर एक टॅपेट मिनिटाला 400 वेळा वाजेल, म्हणजे सेकंदाला सहा-सात. थोडक्यात, इंजिनच्या फेऱ्यांपेक्षा संथ. रोज काही क्षण येऊन जात असेल तर घाबरू नका, ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदला.

दुसरी, तशीच टिकटिक, पण फुसफुशीच्या अंगाची. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनमधला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून, म्हणजे जोडातल्या पट्टीतून, धूर निसटतो. तापल्यावर धातू प्रसरण पावतो आणि फट मिटते, म्हणून हाही आवाज गरम झाल्यावर जातो आणि टॅपेट म्हणून खपतो. जोडाजवळ काजळीचा काळा डाग शोधा. याकडे दुर्लक्ष नको: त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो गाडीच्या आत शिरू शकतो.

तिसरी शक्यता वाईट. खालून येणारी जड ठकठक, गरम झाल्यावर वाढणारी, चढावर किंवा पिकअप घेताना आणखी वाढणारी. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. मेकॅनिकला एकेका सिलिंडरचं इग्निशन किंवा इंजेक्टर तोडून ऐकायला सांगा. ज्याला तोडल्यावर ठोका हलका होतो, दोष तिथे. ही ठकठक असेल, किंवा ऑइलचा लाल दिवा लागला असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, ओढून न्या. रॉड सुटून इंजिनच्या ब्लॉकला भोक पाडतो तेव्हा बेअरिंगचं काम राहत नाही, इंजिनचं होतं.

डिझेलवाल्यांनी ही यादी वाचून धास्ती घेऊ नये. डिझेल इंजिन थंड असताना मुळातच ठोकतं.

पुढच्या आठवड्यात जुनी गाडी बघायला जातोय. मेकॅनिक सोबत येऊ शकत नाही. काय ऐकू?

आधी बॉनेटवर हात ठेव. तुझ्या येण्याआधीच इंजिन गरम केलेलं असेल तर नम्रपणे सांग, उद्या सकाळी येतो. थंड इंजिन सुरू होतानाचे पहिले दोन सेकंद फार महत्त्वाचे असतात. तेव्हा साखळी ओढल्यासारखी खडखड आली तर टायमिंग चेन (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) किंवा तिचा टेन्शनर थकलाय. गाडीत टायमिंग चेनऐवजी बेल्ट असेल तर मात्र शांततेवर विसंबू नकोस. तो सहसा आवाज न करताच तुटतो, आणि बऱ्याच इंजिनांत तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. शेवटचा कधी बदलला याचा कागद माग. कागद नसेल तर तो बदललेला नाही असं धरून व्यवहार कर.

चालवताना म्युझिक बंद, एसी बंद, काचा अर्ध्या खाली. भिंतीच्या कडेने हळू चालव. भिंत चाकांचा आवाज परत कानात आणते. मग मालकाला चालवायला सांगून तू मागे बस. डिकीतलं स्टेपनी, जॅक, पाना मात्र आधी बाहेर काढून ठेव. त्यांच्या खडखडीवरून लोकांनी सस्पेन्शन बदललेली मी पाहिली आहेत.

चाकातून बारीक ‘चीं’ येतं, ब्रेक दाबला की थांबतं. म्हणजे ब्रेक ठीक आहेत ना?

उलट. अनेक ब्रेक पॅडना एक पातळ पत्री असते. पॅड झिजत आले की ती डिस्कला घासून ओरडते, आणि ब्रेक दाबल्यावर गप्प होऊ शकते. या आठवड्यात पॅड बघून घ्या. ‘चीं’ जाऊन ‘खर्र’ सुरू झालं तर धातूवर धातू घासतोय, मग पॅडबरोबर डिस्कही गेली. डिस्कमागच्या पत्र्यात अडकलेली एखादी खडी असल्याचंही निघतं, पण ते चाक काढून ठरवायचं, मनाच्या समाधानासाठी नाही.

एसी लावला की डॅशबोर्डच्या मागे टकटकटक, मग आपोआप बंद. उंदीर असेल का?

उंदीर असता तर वासही आला असता. थंड-गरम हवेचं झाकण फिरवणारी छोटी मोटर असते, तिच्या प्लास्टिक गिअरचे दात तुटले की ती अशी जागच्या जागी उड्या मारते. तापमानाचं बटण फिरवून बघा, आवाज लगेच येईल. धोका काही नाही. पुढच्या सर्व्हिसला मोटर बदला, तोवर बटण एकाच जागी राहू द्या.