काचेवरील पातळ थरांच्या शास्त्रात करिअर होईल का?

आपली मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात भौतिकशास्त्र शिकत असून तिला ऑप्टिकल कोटिंगमध्ये, म्हणजे काचेवर प्रकाश नियंत्रित करणारे पातळ थर देण्याच्या शास्त्रात, पुढे जायचे आहे, तर घरच्यांना तिने बी.एड. करून शाळेत लागावे असे वाटते, असे आपण डिचोलीहून कळवले आहे. तिची निवड विचारपूर्वक केलेली दिसते आणि तिला आपला पाठिंबा मिळावा, असे मला मनापासून वाटते.

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. तिच्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा जेमतेम १०० नॅनोमीटर जाडीचा थर दिला, की थराच्या दोन्ही बाजूंनी परतणारे किरण एकमेकांना बरेचसे रद्द करतात आणि परतणारा प्रकाश सव्वा टक्क्याच्या आसपास येतो. चष्मा, कॅमेरा, उपग्रहावरील दुर्बीण या सर्वांत हेच तत्त्व वापरतात. निर्वात पात्रात बाष्पीभवनाने दिलेल्या थरात सूक्ष्म छिद्रे राहतात, आपल्याकडच्या पावसाळी हवेतील ओलावा त्यांत शिरतो, थराचा अपवर्तनांक (त्यात प्रकाश किती वळतो याचे माप) वाढतो आणि ठरावीक रंगाचाच प्रकाश जाऊ देणाऱ्या फिल्टरची तरंगलांबी सरकते. म्हणूनच आयनांचा मारा करून थर घट्ट बसवण्याच्या पद्धती पुढे आल्या. हिंगोली जिल्ह्यात उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियासारख्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळांत तर आरशांवरील थरांचे औष्णिक कंपनच मोजमापाच्या अचूकतेवर मर्यादा घालते, आणि ते कमी करणारे पदार्थ शोधण्याचे काम अजून चालू आहे.

या विषयासाठी वेगळी पदवी शोधत बसू नये. गोवा विद्यापीठात किंवा जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेद्वारे आयआयटीत एम.एस्सी. भौतिकशास्त्र करावे, मात्र प्रवेशापूर्वी त्या विभागात निर्वात यंत्रणा चालू स्थितीत आहे का आणि विद्यार्थ्यांना ती स्वतः हाताळू देतात का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे. पंप, गळती, काचेची स्वच्छता यांचा सराव पुस्तकातून होत नाही, आणि मुलाखतीत नेमकी त्याचीच विचारणा होते. कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील फोटॉनिक्सचे (प्रकाश-तंत्रज्ञानाचे) शिक्षण, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, बंगळूरची इस्रोची इलेक्ट्रो-ऑप्टिक्स प्रयोगशाळा ही पुढची ठिकाणे आहेत. म्हणजे गोव्याबाहेर राहण्याची तयारी हवी, आणि ती आपलीही हवी.

जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होतात. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येते, त्यामुळे तो निर्णय आज घेण्याची गरज नाही.