१७९५ चा डॉलर जरूर घ्या, पण ४०१(के) ला हात लावू नका

एडिसन, न्यू जर्सीहून एका वाचकांचं पत्र आलंय. मूळचे नाशिकचे, वय ४७, नाण्यांचा छंद शाळेपासूनचा. मोकळ्या केसांच्या लिबर्टीचा (स्वातंत्र्यदेवतेचा), १७९५ चा अमेरिकन चांदीचा डॉलर आपल्याकडे असावा ही त्यांची फार जुनी इच्छा. एका विक्रेत्याकडे पीसीजीएसने (नाणी तपासून दर्जा ठरवणारी कंपनी) व्हीएफ २५, म्हणजे झिजलेलं पण बरंच ठळक, असा दर्जा दिलेलं नाणं ५,६०० डॉलरला आहे. खास यासाठी बाजूला टाकलेले ३,४०० त्यांच्या हाताशी आहेत. उरलेले २,२०० डॉलर ४०१(के) वर, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यावर, कर्ज काढून उभे करावेत का, की दुसरीकडे घासून चकचकीत केलेलं ३,१०० ला मिळतंय तेच घ्यावं, असा त्यांचा प्रश्न. पत्नीचं म्हणणं, एवढ्या पैशांत सोनं घेऊ. मुलगा दोन वर्षांत कॉलेजला जाईल. सहा महिन्यांच्या खर्चाची सोय वेगळी आहे, कार्डावर बाकी नाही.

नमस्कार. तुमचं घर नीट लावलेलं आहे, त्यामुळे हे नाणं घेऊ नका असं मी म्हणणार नाही. इतकी वर्षं मनात धरलेली गोष्ट ऐपतीत बसत असेल तर ती घ्यावीच. माझी हरकत फक्त आजच घेण्याला आहे.

‘हे गेलं की पुन्हा मिळायचं नाही’ असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय, आणि कर्जाचा विचार त्याच भीतीपोटी आलेला दिसतो. १७९४ चा डॉलर असता तर मी ही भीती मान्य केली असती. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून त्या वर्षी अवघे १,७५८ बाहेर पडले. त्यातलं एक अव्वल नाणं २०१३ मध्ये एक कोटी डॉलरच्या वर गेलं. १७९५ चं तसं नाही. याच छापाची सुमारे १ लाख ६० हजार नाणी त्या वर्षाच्या नावावर आहेत. बरीच वितळली, परदेशी गेली, तरी आजही मोठ्या लिलावांत ती नियमित दिसतात. महिन्याला ३०० डॉलर टाकलेत तर आठ महिन्यांत २,२०० जमतील, आणि तेव्हा तुमच्यासमोर एकाऐवजी चार-पाच नाणी पर्याय म्हणून असतील.

४०१(के) चं कर्ज स्वस्त वाटतं, कारण व्याज आपल्याच खात्यात परत जातं. पण नोकरी गेली किंवा सोडली, तर उरलेली रक्कम साधारणपणे त्या वर्षाच्या कर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरावी लागते. नाही भरली की ते उत्पन्न धरलं जातं, त्यावर कर लागतो आणि तुमच्या वयाला वर १० टक्के दंडही. पगार बंद झालेला असताना हे ओझं नको.

आता ३,१०० चं नाणं. ते तर अजिबात नको. घासलेल्या चांदीचा मूळ पृष्ठभाग परत येत नाही. अशा नाण्याला अंकातला दर्जा मिळत नाही, ‘डीटेल्स’ एवढाच शेरा मिळतो, आणि विकताना प्रत्येक गिऱ्हाईक त्यावर बोट ठेवून भाव पाडतं.

मात्र प्रत्येक ओरखडा म्हणजे दोष नव्हे. १७९२ च्या कायद्याने डॉलरचं वजन ४१६ ग्रेन आणि त्यात शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन ठरवली होती. कोरी चकती जड भरली तर छाप मारण्याआधी ती कानशीने घासत. म्हणून काही नाण्यांवर समांतर रेघा दिसतात, आणि जिथे छाप जोरात बसला तिथे त्या पुसट होतात. साफसफाईचे ओरखडे उलट छापाच्या वरून, केसांच्या उंच बटांवरूनही जातात. १७९५ च्या काही नाण्यांत तर हलक्या चकतीच्या मध्यभागी चांदीचा छोटा तुकडा ठोकून वजन पुरं केलेलं आहे. तो गोल डाग पाहून नाणं परत करू नका, अशा नाण्याला संग्राहक जास्त पैसे मोजतात. कड मात्र जरूर बघा: तिथे अक्षरं आहेत, ‘हंड्रेड सेंट्स वन डॉलर ऑर युनिट’. बनावट नाणी बाजारात भरपूर आहेत, आणि दर्जा दिलेलं नाणं ज्यात बंद करून देतात त्या प्लास्टिकच्या डब्याही बनावट निघतात. डबीवरचा क्रमांक पीसीजीएसच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथे फोटो असेल तर त्याच्याशी नाणं ताडून पाहा.

पत्नींचं म्हणणं उडवून लावू नका. सोन्याला रोजचा जाहीर भाव आहे, तुमच्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर कुठल्याही सराफाकडे तासाभरात पैसे हातात येतात. तुमच्या नाण्यात चांदी पाऊण औंसाहून किंचित जास्त. औंसाला १०० डॉलर भाव धरला तरी ती ७७ डॉलरची होते. बाकी सगळी किंमत हौशी माणसांच्या ओढीची. ५,६०० ला घेतलेलं नाणं दुसऱ्या दिवशी विकायला गेलात तर ४,४०० च्या आसपास बोली आली तरी नवल नाही. वर्षाला ४ टक्क्यांनी भाव वाढला, तरी मुद्दल सुटायला सहा वर्षांहून जास्त लागतील. नफा झालाच तर वर्षभरानंतर विकूनही त्यावर केंद्रीय कर २८ टक्क्यांपर्यंत लागू शकतो. म्हणून हे पैसे गुंतवणुकीत धरूच नका, घरच्या सहलीसारखे हौसेच्या खात्यात लिहा. मुलाच्या ५२९ खात्यातला (कॉलेजच्या खर्चासाठीच्या बचतीचा) हप्ता या आठ महिन्यांत एकदाही चुकवायचा नाही, एवढं पत्नींना आधी सांगा. मला वाटतं, त्यांची खरी काळजी तीच असावी.

घेतल्यावर घराच्या विम्यावर विसंबू नका. नेहमीच्या पॉलिसीत चोरी झाल्यास नाण्यांसाठी अनेकदा २०० डॉलरच मिळतात. वेगळी नोंद करून घ्या. बँकेच्या लॉकरमधल्या वस्तूंना एफडीआयसीचं, म्हणजे बँकेतल्या ठेवींना मिळणाऱ्या सरकारी विम्याचं, संरक्षण नसतं. पावती, क्रमांक आणि फोटो पत्नींकडेही असू द्या.

नाशिकला भावाला दाखवायला न्यायचं म्हणालात. मी नेणार नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं भारताच्या १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूत मोडतं आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हे नाणं मूळचं परदेशातलं, हे परत निघताना विमानतळावर तुम्हालाच कागदोपत्री पटवावं लागेल. भाऊ इकडे आले की त्यांना लॉकरपाशी घेऊन जा.