वाचकांचे प्रश्न : ‘वर्क’ला एस लागला की काय होतं?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. शाळेत सांगितलं की ‘वर्क’ मोजता येत नाही, त्याला एस लावायचा नाही, ‘मेनी वर्क्स’ लिहिलं की मार्क कट. तिच्या बाबांचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे, तिकडं जाताना जिकडं बघावं तिकडं बोर्ड, अमुक इंजिनिअरिंग वर्क्स, तमुक वेल्डिंग वर्क्स. ती विचारते, मग हे सगळे चुकीचं लिहितात काय? मला काही नीट सांगता आलं नाही.
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, पोरीनं प्रश्न एकदम भारी काढलाय. तिला सांगा शाळाही बरोबर आहे आणि बोर्डही बरोबर आहेत.

शाळेचा नियम ‘वर्क’ म्हणजे राबणं, कष्ट, नोकरीचं काम या अर्थापुरता आहे. आपण मराठीत बिनधास्त म्हणतो ‘आज लई कामं आहेत’, आणि तेच पोरं इंग्लिशमध्ये घेऊन जातात, ‘आय हॅव मेनी वर्क्स’. तिथं ‘अ लॉट ऑफ वर्क’ म्हणायचं, आणि कामं मोजूनच सांगायची असतील तर ‘जॉब्स’ किंवा ‘टास्क्स’. होमवर्क, हाउसवर्क, पेपरवर्क यांनाही एस नाही, ‘होमवर्क्स’ कितीही कानावर पडलं तरी लिहू नये.

आता बोर्डाचं बघा. कारखाना या अर्थानं इंग्लिशमध्ये शब्दच मुळी ‘वर्क्स’ असा आहे, एस सकट. एक पत्र्याची शेड, दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन, एवढंच असलं तरी ते वर्क्सच, कारण तो एस ‘अनेक’ सांगणारा एस नाहीच. ‘अ स्टीलवर्क्स’ म्हणजे एक पोलाद कारखाना आणि ‘टू स्टीलवर्क्स’ म्हणजे दोन, शब्दात काही फरक पडत नाही, पुढं ‘इज’ लावा नाहीतर ‘आर’, दोन्ही चालतं. ‘हेडक्वार्टर्स’चं पण असंच आहे, जागा एक आणि एस कायमचा.

खरी मजा एस काढल्यावर येते. ‘ब्रिकवर्क’ म्हणजे विटांचं बांधकाम, गवंडी करतो ते, आणि ‘ब्रिकवर्क्स’ म्हणजे विटा जिथं भाजून निघतात तो कारखाना. ‘आयर्नवर्क’ म्हणजे लोखंडी काम, उद्यमनगरात वेल्डर बसून गज कापतो, जाळीची चौकट जुळवतो, टाका मारतो आणि मग ग्राइंडर फिरवून वेल्डिंगचा फुगवटा घासून सपाट करतो, ती तयार झालेली खिडकीची जाळी म्हणजे आयर्नवर्क. आणि ‘आयर्नवर्क्स’ म्हणजे लोखंडाचा कारखाना. एका अक्षरानं वस्तूवरून थेट जागेवर! मुलीला पुढच्या वेळी बाबांबरोबर पाठवा आणि बोर्ड वाचायला लावा, कुठलं काम आणि कुठली जागा हे तिचं तीच ओळखेल.

‘वर्क्स’चा अजून एक मोठा अर्थ म्हणजे बांधकामं, रस्ते, पूल, धरणं. पीडब्ल्यूडीतला मधला शब्द हाच, पब्लिक वर्क्स डिपार्टमेंट. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसीनं हे खातं 1854 मध्ये काढलं, आणि मराठीत त्याचं ‘सार्वजनिक बांधकाम विभाग’ असं नाव झालं ते मला फार चोख वाटतं, कारण ‘सार्वजनिक कामं’ म्हटलं असतं तर कशाचाच पत्ता लागला नसता.

आणि कलेत मात्र तोच शब्द सरळ मोजता येतो. आपल्या कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान यांचं कोटितीर्थ तलावाचं एखादं चित्र घेतलं तर ते ‘अ वर्क’, बरीच चित्रं असली की ‘वर्क्स’. लेखकाचं समग्र साहित्य ‘कम्प्लीट वर्क्स’. इथं एस खरंच अनेकवचनाचा आहे. म्हणजे शाळेत सांगितलेलं ‘मोजता येत नाही’ हे कष्टांना लागू, कष्टांतून तयार झालेल्या कलाकृतीला नाही. परीक्षेत हे एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

बाकी थोडक्यात. घड्याळाच्या आतली चाकं, स्प्रिंगा म्हणजे पण ‘वर्क्स’. एखादी गोष्ट ‘इन द वर्क्स’ आहे म्हणजे तिची तयारी चालू आहे. चाललेल्या कामात खोडा घालण्याला ‘स्पॅनर इन द वर्क्स’ म्हणतात, स्पॅनर म्हणजे आपला पाना. आणि ‘ही वर्क्स हिअर’ मधला एस तर क्रियापदाचा, तो उलट एकवचनाचा असतो, त्याला या भानगडीत घ्यायचाच नाही.

प्रश्न : आमच्या ऑफिसात ‘वर्क ऑर्डर’ लिहितात पण जीएसटीच्या कागदावर ‘वर्क्स कॉन्ट्रॅक्ट’. दोन्ही एकच ना?
– एका ठेकेदाराकडं अकाउंट बघणारा, गोकुळ शिरगाव

उत्तर : नाही, आणि इथं एसला पैशाचं मोल आहे. वर्क ऑर्डर म्हणजे ‘हे काम करा’ असा कागद, मग ते काम कसलंही असू दे. ‘वर्क्स कॉन्ट्रॅक्ट’मधलं वर्क्स म्हणजे पीडब्ल्यूडीतलंच, बांधकाम. 2017 च्या सीजीएसटी कायद्यात कलम 2(119) मध्ये त्याची व्याख्या आहे, स्थावर मालमत्तेचं बांधकाम, उभारणी, दुरुस्ती वगैरे आणि त्यात मालही ठेकेदाराचा गेला पाहिजे. त्याला कायदा सेवा धरतो. नुसती सुटी कपाटं बनवून पोच केली तर ते वर्क्स कॉन्ट्रॅक्ट होत नाही, वर्क ऑर्डर मिळाली असली तरी. बिलावर काय लिहायचं ते आधी सीएला दाखवा, अंदाजानं लिहू नका.

प्रश्न : सर, विज्ञानात ‘वर्क’ म्हणजे कार्य. मग ओझं घेऊन चालणारा हमाल काहीच कार्य करत नाही असं कसं म्हणतात?
– नववीतला विद्यार्थी, शाहूपुरी

उत्तर : बाळा, तो घामाघूम होतो, त्याचे कष्ट खरेच आहेत, फक्त विज्ञानानं त्याच शब्दाला स्वतःचा वेगळा, मोजता येणारा अर्थ दिलाय. बल गुणिले बलाच्या दिशेनं झालेलं विस्थापन. समजा मार्केट यार्डात 30 किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, जमिनीवरून 1 मीटर उचलला, तर 30 गुणिले 9.8 गुणिले 1, म्हणजे 294 ज्यूल कार्य झालं. तोच रवा डोक्यावर घेऊन सपाट रस्त्यानं एका चालीत कितीही लांब नेला तरी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेलं कार्य शून्य. पेपरात आलं तर नुसतं ‘शून्य’ लिहून थांबू नको, बल वरच्या दिशेला आणि विस्थापन आडवं, दोन्हींत 90 अंशांचा कोन, हे कारण लिही, मार्क त्याला असतात.