‘शामक’ औषध आणि अर्बुद पेशी

प्रश्न: बार्बिट्युरेट या झोप आणणाऱ्या औषधांच्या अर्बुद पेशींवरील (गाठीतल्या पेशींवरील) परिणामाबद्दल लिहिताना ‘शामकांचा परिणाम’ म्हटलेलं चालेल का?

टाळावं. झोप, झटके, भूल यांच्या संदर्भात ‘शामक’ चोख बसतो. पण मराठीत हा शब्द काय शमवायचं तेही सुचवतो: पित्तशामक, दाहशामक, वेदनाशामक. ‘अर्बुदावर शामकाचा परिणाम’ वाचलं की गाठ शमते असंच वाटतं.

प्रत्यक्षात काय घडतं ते पाहा. पेराइनो आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांना अ‍ॅसिटिलअमिनोफ्लुओरीन हे कर्कजनक खाऊ घातलं. त्यासोबतच फिनोबार्बिटल हे बार्बिट्युरेट दिलं तेव्हा यकृतातल्या गाठी घटल्या. कर्कजनक थांबवल्यावर खाद्यात ०.०५ टक्के फिनोबार्बिटल सुरू केलं तेव्हा त्या वाढल्या. हे औषध यकृतातली विकरं (एन्झाइम) वाढवतं, म्हणून कर्कजनकाचा निचरा लवकर होतो. पण आधीच बिघडलेल्या पेशी असतील तर त्यांच्या वाढीला बळ मिळतं. या दुसऱ्या भूमिकेसाठी ‘अर्बुदवर्धक’ लिहावं. ‘प्रवर्तक’ नको, कारण त्यातून सुरुवात करणारा असा अर्थ निघतो आणि इथे सुरुवात कर्कजनकाने केलेली असते.

‘शामक मात्रा’ हा प्रयोगही काचपात्रातल्या पेशींसाठी चुकीचा. अपस्मारात रक्तातलं फिनोबार्बिटल साधारण लिटरला १५ ते ४० मिलिग्रॅम ठेवतात. पेशींवरच्या प्रयोगांत लिटरला १ मिलिमोल वापरलं, तर ते लिटरला २३२ मिलिग्रॅम होतं, म्हणजे वरच्या मर्यादेच्या जवळजवळ सहापट. आकडा आणि एकक दोन्ही लिहा. नाहीतर वाचक त्याचा संबंध रोजच्या गोळीशी जोडतो.

शिवाय या कुळातलं सगळंच शामक नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी १८६४ साली बनवलेल्या मूळ बार्बिट्युरिक आम्लाने झोप येत नाही. पाचव्या कार्बनवरचे दोन्ही हायड्रोजन बदलून तिथे योग्य गट बसवले, तरच तो गुण येतो. मर्बारोन हे थायोबार्बिट्युरिक आम्लाचं अनुजात (त्यापासून बनलेलं संयुग) कर्करोगासाठी तपासलं गेलं. ते टोपोआयसोमरेझ-२ हे डीएनएचे पीळ सोडवणारं विकर रोखतं. झोपेशी या परिणामाचा संबंध नाही. म्हणून एकेका औषधाचं नाव घ्यावं आणि सगळ्या गटासाठी ‘बार्बिट्युरिक आम्लाचे अनुजात’ म्हणावं.

‘अर्बुद पेशी’च्या जागी सरसकट ‘कर्कपेशी’ही घालू नये. उंदरांच्या यकृतात वाढणाऱ्या गाठींमध्ये सौम्य गाठीही असतात.