देवानं वाचवलं, मग झोप का लागत नाही?

मोठ्या अपघातातून सुखरूप परतलेल्या कुटुंबांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : कसारा घाटात आमची गाडी उलटली. गाडीची अवस्था पाहून आत कुणी जिवंत असेल असं लोकांना वाटलं नव्हतं, पण आम्ही पाचही जण वाचलो. सासूबाईंनी घरी येताच सगळ्यांची दृष्ट काढली, देवापुढे साखर ठेवली. दीड महिना होऊन गेला, तरी यांना रात्री झोप नाही. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की हात कापतात. सासूबाई म्हणतात, ‘देवानं हात दिला, आता कसली भीती? तुझा विश्वासच कमी पडतोय.’ (नाशिक)

उत्तर : सासूबाईंनी दृष्ट काढली हे चांगलंच केलं. त्याही त्याच गाडीत होत्या. जीव हादरलेला असताना हातांना काहीतरी करायला लागतं. पण भीतीचा आणि श्रद्धेचा असा व्यवहार नसतो की एक वाढली की दुसरी कमी. जिवावरचं संकट आलं की शरीर एका क्षणात सावध होतं. गाडी थांबली तरी ते सावधच राहतं. दचकणं, वाईट स्वप्नं, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं हे पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना होतं आणि आपोआप ओसरतं. महिना उलटूनही ते तसंच राहिलं, माणूस रस्ता टाळू लागला, चिडचिड वाढली, तर तो आघातानंतरचा ताणविकार असू शकतो. त्यावर उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो. तुमच्या यजमानांना दीड महिना झाला आहे, तेव्हा आता वाट पाहू नका, मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. जवळ कुणी नसेल तर ‘टेली मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. अपघातात डोक्याला मार लागला होता का, तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सासूबाईंना यातून बाजूला ठेवू नका. ‘देवानं वाचवलंय, आता डॉक्टरांकडून बरं करून घेऊ’ हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं, तर यजमान ते तुमच्यापेक्षा लवकर ऐकतील.

प्रश्न : आमच्या अपघातात समोरच्या दुचाकीवरचा तरुण गेला. आम्हाला खरचटलं फक्त. चूक कुणाची याचा तपास चालू आहे. घरी सत्यनारायण घातला. पूजेला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, ‘पूर्वजांची पुण्याई, म्हणून वाचलात.’ मला प्रसाद गिळवेना. आईला सांगितलं तर म्हणाली, अशुभ बोलू नकोस. (कोल्हापूर)

उत्तर : तुम्ही अशुभ काही बोललेला नाहीत. पूजेत ज्याचं नाव कुणी घेतलं नाही, त्याची आठवण तुम्हाला झाली. मला ती पूजेइतकीच पवित्र वाटते.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांच्याही घरी देवघरं होती. त्यांच्याही आयांनी निघताना हातावर दही ठेवलं असेल, गाडीत पुढे गणपती असेल. आपण वाचलो ते पुण्याईमुळे, असं म्हटलं की तो गेला तो पुण्याई नव्हती म्हणून, असा अर्थ निघतोच. बोलणाऱ्याच्या मनात तो नसतो, पण त्या तरुणाच्या आईच्या कानावर गेला तर तिला दुसरं काय ऐकू येणार? ‘आम्ही वाचलो, देवाचे उपकार’ एवढंच म्हणावं आणि थांबावं. का वाचलो, याचं उत्तर आपल्याजवळ असल्यासारखं बोलू नये. श्रद्धा त्यानं कमी होत नाही. माझ्या मते ती जास्त खरी होते.

जिवंत राहिल्याचा अपराधीपणा अनेकांना छळतो. तो मनातल्या मनात फिरत राहिला तर माणसाला पोखरतो, म्हणून त्याला काहीतरी काम द्यावं लागतं. तपास चालू असताना त्या कुटुंबाला भेटायला थेट जाऊ नका. आधी वकिलांशी बोला, नाहीतर तुमच्या भेटीचा भलताच अर्थ लागेल. पण एक गोष्ट आजच तुमच्या हातात आहे. तुमच्या गाडीच्या विमा कंपनीला अपघाताची माहिती पूर्ण आणि खरी द्या, कागदपत्रं अडवून ठेवू नका. त्या घराला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते आणि आताच्या कायद्यानुसार अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे. कर्ता मुलगा गेलेल्या घरात दिवस कसे जातात, ते मी पाहिलं आहे. तुमच्या विम्यातून येणारे पैसे त्या घरापर्यंत वेळेत पोहोचणं यापेक्षा मोठा प्रसाद मला सुचत नाही. आणि दर वर्षी त्या तारखेला रक्तदान करा. आईला सोबत न्या. कारण सांगावंसं वाटलं तर सांगा.

प्रश्न : उंब्रजजवळ ढाब्यावरच्या माणसांनी काच फोडून आम्हाला बाहेर काढलं, १०८ ला फोन केला, रुग्णवाहिका येईपर्यंत माझ्या पत्नीचं डोकं धरून बसले. त्यांचे आभार कसे मानू? पैसे देणं बरं दिसेल का? फोटोसह फेसबुकवर लिहू का? (पुणे)

उत्तर : आधी जाऊन भेटा. पत्नीला बरं वाटलं की तिला घेऊन जा. ज्यांनी तिला रक्तबंबाळ पाहिलं, त्यांना ती चालत आलेली पाहू दे. नारळ, शाल, पेढे न्या. पैशाचं पाकीट पुढे करू नका, पण त्यांच्या मुलांच्या शाळेची किंवा औषधपाण्याची अडचण कळली तर जरूर मदत करा.

फोटो आणि नावं त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. ‘पोलिसांचं लचांड मागे लागेल’ या भीतीनं आजही लोक जखमीजवळ थांबत नाहीत. खरं तर मोटार वाहन कायद्यातल्या कलम १३४अ नं अशा माणसांना संरक्षण दिलं आहे, आणि २०२० च्या नियमांनुसार त्यांना नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. ढाब्यावर हे नीट समजावून सांगा, पुढच्या जखमीला उपयोग होईल. गंभीर जखमीला पहिल्या मोलाच्या तासात रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला केंद्राच्या ‘राहवीर’ योजनेत २५,००० रुपये मिळू शकतात. त्यांची तयारी असेल तर पोलीस ठाण्यात तुम्ही स्वतः विचारणा करा.

प्रश्न : सहा वर्षांची मुलगी विचारते, ‘बाप्पानं आधीच ब्रेक का नाही लावला?’ दिवसभर खेळण्यातल्या गाड्या एकमेकींवर आदळते. पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली आहे. (ठाणे)

उत्तर : तिला रागावू नका आणि खेळही बंद करू नका. मोठी माणसं जे बोलून मोकळं करतात, ते लहान मुलं खेळून करतात. जवळ बसा, तिच्या खेळात रुग्णवाहिका येऊ द्या, मदतीला माणसं येऊ द्या. अंथरूण ओलं होणं या वयात अशा धक्क्यानंतर दिसतं. महिनाभरात कमी झालं नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्नाचं उत्तर खरं द्या. ‘मलाही माहीत नाही गं, मीही बाप्पाला हेच विचारते,’ असं आईनं म्हटलं तर मुलीचा विश्वास तुटत नाही. ‘असं विचारायचं नसतं’ म्हटलं, तर ती विचारणं थांबवेल, भीती थांबणार नाही. आणि तिला कळेल ते कारणही सांगा : ब्रेक माणसाला लावावा लागतो, आपण सगळ्यांनी पट्टे लावले होते, म्हणून आपल्याला कमी लागलं. गाडीत बसायला नको म्हणाली तर आधी उभ्या गाडीत बसून गोष्ट वाचा, मग गल्लीतून एक फेरी मारा.

प्रश्न : सासरे तुळजापूरला बोलले आहेत. म्हणतात, या आठवड्यातच सगळ्यांनी रात्री निघून पहाटे ओटी भरायची. माझा पाय प्लास्टरमध्ये आहे. नाही म्हटलं तर घरात वाईट दिसतं. (पिंपरी)

उत्तर : नवस जरूर फेडा, पण पाय बरा झाल्यावर. देवळात पायऱ्या उतरून जावं लागतं; प्लास्टर घेऊन, गर्दीत, ते धोक्याचं आहे. सासऱ्यांना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, म्हणजे सुनेनं नाही म्हटलं असं होणार नाही. तोवर घरच्या देवीपुढे ओटी भरून ठेवा आणि जायची तारीख त्यांनाच ठरवू द्या. रात्रीचा प्रवास मात्र मान्य करू नका. ज्याला अजून झोप लागत नाही, त्याच्या हाती गाडी देऊ नका. सोलापूरपर्यंत रेल्वेनं जाता येतं, पुढे तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर आहे, एसटी मिळते.