नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेत तेव्हा

सातारा-सांगली पट्ट्यात जनावरांचे कुणी डॉक्टर लग्नकार्याला गेले, आजारी पडले, बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, की त्यांचा दवाखाना काही दिवस मी सांभाळते. आज या दवाखान्यात, उद्या त्या. या वेळी आलेले प्रश्नही तसेच चारी दिशांचे आहेत.

तासगावजवळ आमची बेदाणा शेड आहे. रॅकखाली सांडलेले बेदाणे आमचा गावठी कुत्रा वर्षानुवर्षं खातोय, त्याला काही होत नाही. परवा घरातल्या पॉमेरेनियनने मूठभर खाल्ले, तर डॉक्टरांनी सलाईन लावून दोन दिवस ठेवून घेतला. एवढं घाबरवायची गरज होती का?

होती. गावठ्याला काही झालं नाही हे खरं असेल, पण त्यावरून दुसऱ्या कुत्र्याचं काही ठरत नाही. एक कुत्रा मूठभर बेदाणे पचवतो आणि दुसऱ्याचं मूत्रपिंड थोड्याशा बेदाण्यांनीही निकामी होतं. किती खाल्ले म्हणजे बाधतील, हे आधी सांगता येत नाही. बरीच वर्षं याचं कारणच कळत नव्हतं. 2021 पासून द्राक्षातल्या टार्टारिक अ‍ॅसिडवर संशय आहे. ते जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे कमीजास्त होतं, म्हणून अंदाज चुकतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, तेव्हा मूठभर बेदाणे म्हणजे द्राक्षं किती, हे तुम्हाला मी काय सांगायचं? हेच अ‍ॅसिड चिंचेतही असतं. आमटीतली चिंच चाटणारी कुत्री आपल्याकडे कमी नाहीत.

खाल्ल्यावर पहिल्या एक-दोन तासांत दवाखान्यात पोचलात, तर उलटी करवून बरंच बाहेर काढता येतं. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्याने मीठच बाधतं. उलट्या, सुस्ती बहुधा पहिल्या दिवसात दिसते. मूत्रपिंडाचा त्रास एक ते तीन दिवसांत. म्हणून सलाईन, म्हणून पुन्हा पुन्हा रक्ततपासणी. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं. आणि गावठ्याला शेडबाहेर बांधा. त्याचं नशीब रोज कशाला तपासायचं?

सांगलीत आमचे नेहमीचे डॉक्टर पंधरा दिवस बाहेर होते. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी लॅब्राडोरचं रक्त पुन्हा तपासायला सांगितलं आणि आदल्या दिवशी कसलं इंजेक्शन दिलं होतं, हे आम्हालाच विचारलं. डॉक्टरांनाच माहीत नसेल तर आम्हाला कसं असणार?

तुमचा राग समजतो, पण त्या खुर्चीवर बऱ्याचदा मीच असते, म्हणून तिची बाजू सांगते. कपाटातल्या केसपेपरवर 'ताप. इंजे. दिले.' एवढंच लिहिलेलं असतं. कसलं? काल स्टिरॉइड गेलं असेल, तर आज ताप-दुखीचं मेलॉक्सिकॅम देता येत नाही. दोन्ही मिळून पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. न विचारता सुई टोचणारा डॉक्टर तुम्हाला हुशार वाटेल, मला तो धोकादायक वाटतो. नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावतोच आम्ही, पण ते विमानात असले तर?

रक्ताचंही तसंच. गोचीडतापात प्लेटलेट्स झपाट्याने उतरतात. चार दिवसांपूर्वीचा आकडा आज उपयोगाचा नसतो. बरं, त्यातल्या एर्लिकिया या जंतूवर डॉक्सीसायक्लिन साधारण 28 दिवस द्यावं लागतं. कुत्रं पाचव्या दिवशी जेवायला लागलं की लोक गोळ्या बंद करतात आणि महिन्याने ताप घेऊन पुन्हा येतात.

तेव्हा एक वही करा. वजन, लसीच्या बाटलीचं स्टिकर, प्रत्येक इंजेक्शनचं नाव, कशाची अ‍ॅलर्जी आली ते. डॉक्टरांना नाव लिहून मागायला लाजू नका. वही जड वाटत असेल तर प्रत्येक केसपेपरचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. कुत्रा तुमचा आहे, त्याचा इतिहास तुमच्याकडेच हवा.

मांजरीला ताप आहे. लहान मुलाची पॅरासिटामॉल अर्धी देऊ का?

नाही. पाव नाही, थेंबभरही नाही. मांजराचं यकृत ते औषध पचवू शकत नाही. दिलं असेल तर वाट न बघता दवाखाना गाठा. यावर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो. हिरड्या तपकिरी-निळ्या होणं आणि तोंड सुजणं ही लक्षणं.

मॅडम, शिरवळच्या कॉलेजातून यंदा इंटर्नशिप संपवली. स्वतःचा दवाखाना टाकण्याआधी कराड-सातारा भागात बदली डॉक्टर म्हणून काम करावं म्हणतो. चालेल का?

चालेल काय, जरूर कर. दोन-चार दवाखान्यांत बसलास की कुणाची शिस्त उचलायची आणि कुणाची सोडायची, ते कळतं. आधी राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी हातात घे. मग पैशाचं बोलून, लिहून घे: दिवसाचे किती, रात्रीच्या कॉलचे वेगळे का, शस्त्रक्रिया करायची का, गाय अडली म्हणून फोन आला तर जायचं का. आपल्याकडे हा शेवटचा प्रश्न कुणी आधी विचारत नाही आणि रात्री दोन वाजता भांडण होतं.

पहिल्या दिवशी फ्रिज उघड. लस 2 ते 8 अंशांत हवी. तिथे दुधाची पिशवी असेल आणि थर्मामीटर नसेल, तर लस टोचण्याआधी दवाखान्याच्या मालकाशी बोल. कंपाउंडरशी जमवून घे. कुठला कुत्रा चावतो आणि कुणाची उधारी किती, हे फक्त त्याला ठाऊक असतं. त्यांनी सुरू केलेले, बरेच दिवस चालणारे उपचार धोका दिसल्याशिवाय बदलू नकोस. बदललेस तर कारण केसपेपरवर लिही. गिऱ्हाईकासमोर नेहमीच्या डॉक्टरांची उणीदुणी काढू नकोस. स्वतःला रेबीजची आगाऊ लस घेतली नसशील, तर आधी ती घे. तरीही चावा बसला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि पुढचे डोस घ्यायचेच.

कोरेगाव: गोठ्यात फवारायचं गोचीडाचं औषध कुत्र्यावर मारलं तर?

गुरांचं औषध दाट असतं. त्याचा कुत्र्यासाठीचा हिशेब वेगळा, आणि कुत्रं अंग चाटतं. गुरांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शनही अंदाजाने टोचू नका. कोलीसारख्या काही जातींना ते मेंदूपर्यंत बाधतं. वजन सांगून कुत्र्याचं औषध घ्या आणि त्याच दिवशी गोणपाट, भिंतीच्या भेगाही साफ करा, कारण बहुतेक गोचीड कुत्र्यावर नाही, तिथे असतात. चुकून मारलंच असेल आणि कुत्रं लाळ गाळत थरथरत असेल, तर जमल्यास भांड्याच्या साबणाने धुवा आणि बाटली सोबत घेऊनच या. त्यात काय होतं, हे तिच्यावरच वाचता येईल.