नाना हाक मारतात आणि गोष्ट तिथंच राहते

"मी लिहायला बसले ना मॅडम, की सगळ्या घराला माझी आठवण येते."

समुपदेशनासाठी माझ्याकडं आलेल्या वर्षाताई खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे बोलून गेल्या. (नाव, नोकऱ्या आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे, शिवाय मजकूर त्यांनी आधी वाचलाय आणि दोन ठिकाणी माझं व्याकरण सुधारलंय.) वय 47. नाशिकच्या सिडकोत दोन खोल्या, आणि पुढची पडवी बंद करून केलेली तिसरी. सकाळी पतसंस्थेत नोकरी. नवरा अंबडच्या कारखान्यात पाळीवर, मुलगा बारावीला, सासरे, म्हणजे नाना, 79 वर्षांचे.

मराठीत दिवाळी अंकाची चाल 1909 सालची, का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'पासूनची. त्यामुळे आमच्याकडे जून ते ऑगस्टमध्ये घालमेलीचा एक वेगळाच प्रकार येतो. संपादकांनी कथा मागितलेली असते, तारीख जवळ आलेली असते आणि घरात लिहिणं होत नसतं. वर्षाताईंच्या दोन कथा आधी छापून आल्या होत्या. तिसरी अडली होती. कथेतली सुमन कांडपाची गिरणी चालवते. तिखट, हळद, मसाला कांडून देते.

"पावणेचार ते पाच हा माझा वेळ. चार ओळी होतात न होतात तोच 'वर्षाऽ' अशी हाक येते. नानांना चष्मा सापडत नाही. चष्मा द्यायला एक मिनिट लागतं आणि परत येऊन बसले की सुमन तोंड उघडत नाही. ती बोलती होईपर्यंत पाच वाजतात. मग चहा."

एकाग्रता होत नाही अशी तक्रार आली की मी आधी बाकीची चौकशी करते. झोप कशी आहे, जेवण जातं का, वाचताना लक्ष लागतं का, हिशेबात चुका वाढल्यात का, मन सारखं उदास असतं का. दोन-दोन आठवडे कशातच लक्ष नसेल, झोप उडाली असेल, तर तो विषय वही-पेनाचा राहत नाही. तिथं डॉक्टरांना दाखवावं लागतं. (टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक अशा वेळी कुणीही फिरवू शकतं, मराठीतही बोलतात.) वर्षाताईंचं तसं काही नव्हतं. पतसंस्थेतला हिशेब त्यांच्या हातून पैशाचाही चुकत नव्हता. अडत होतं ते फक्त त्या सव्वा तासात.

आणि इथं मी एक चूक केली. "पहाटे पाचला उठून लिहा, घर झोपलेलं असतं," असं सांगून टाकलं. हा सल्ला सगळेच देतात आणि म्हणूनच तो माझ्याही तोंडी आला. पंधरा दिवसांनी त्या आल्या तेव्हा डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यांच्या गल्लीत नळाला पाणी साडेपाचला येतं. पाणी भरून होईतो डब्याची वेळ. जे दोन दिवस बसायला मिळालं, त्यात त्या वहीवर डोकं टेकून झोपल्या. मी त्यांची माफी मागितली आणि काहीही नवं न सुचवता एक काम दिलं. सहा दिवस नुसती नोंद ठेवायची. रकाने पाच: किती वाजता, कोण, कशासाठी, किती मिनिटं, आणि पेन पुन्हा चालू झालं केव्हा.

सहा दिवसांत 34 खंड पडले होते. नाना 14 वेळा, मुलगा 5, दारावरची बेल वगैरे 4. उरलेल्या 11 वेळा उठायला कुणीच लावलं नव्हतं. त्या आपण होऊन उठल्या होत्या. आभाळ भरून आलं म्हणून दोरीवरचे कपडे काढायला, कुकर लावलाच नव्हता तरी शिट्टी झाल्यासारखं वाटलं म्हणून, आणि सुमन ब्याडगी घेते की संकेश्वरी हे मोबाइलवर बघायला. मिरची बघायला गेलेला माणूस मोबाइलवरून लवकर परतत नाही. "हे मला दिसलंच नव्हतं हो," त्या म्हणाल्या. कुणालाच दिसत नाही. दुसऱ्याची हाक कानाला लागते, आपलं आपण उठणं लागत नाही.

मला मात्र शेवटचा रकाना जास्त बोलका वाटला. बेल वाजली आणि कुरिअर घेऊन त्या आल्या, की पाच-सात मिनिटांत पेन चालायचं. नानांच्या हाकेनंतर वीस, पंचवीस. वेळ दोन्हीकडं तेवढाच गेला होता. मग फरक कशाचा? त्यांनी वही उलटी करून मागचं पान दाखवलं. तिथं नानांना मनातल्या मनात दिलेली उत्तरं होती, अगदी अवतरणचिन्हांसकट. 'मी रिकामी बसलेय असं वाटतं का तुम्हाला?' इथपासून सुरू होऊन पानभर. संवाद झकास होते, पण कथेतले नव्हते. हाकेला एक मिनिट लागत होतं आणि रागाला वीस.

अर्धवट राहिलेल्या कामाचं मन काय करतं, हा प्रश्न मानसशास्त्रात जुना आहे. 1927 साली बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांची विद्यार्थिनी ब्लुमा झायगार्निक हिनं मांडलं की मध्येच तोडलेली कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. पुढच्या प्रयोगांत हे दर वेळी टिकलं नाही. तिथलीच मारिया ओव्हसियांकिना हिनं पाहिलेली गोष्ट मला रोजच्या कामात जास्त उपयोगी वाटते: काम मध्येच तोडलं तर माणूस संधी मिळताच, कुणी न सांगता, ते पुन्हा हाती घेऊ बघतो. म्हणजे ओढ असतेच. ती कुठं पकडायची एवढं सापडायला हवं. अमेरिकेतल्या सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये दाखवलं की एक काम सोडून दुसऱ्याकडं गेलं तरी लक्षाचा काही भाग मागं चिकटून राहतो. आणि 2018 मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर एक साधा उपाय तपासला. उठायच्या आधी, परत आल्यावर काय करायचं ते थोडक्यात लिहून ठेवायचं. त्यानं मधल्या कामातही लक्ष बरं लागतं.

आम्ही त्याला 'खूण-ओळ' म्हणू लागलो. हाक आली की आधी समासात पेन्सिलनं एक ओळ, मग उठायचं. 'पुढं काय लिहायचं' असली मोघम ओळ चालत नाही. पुढचा हात कुणाचा हलणार ते हवं. वर्षाताईंची पहिली खूण-ओळ मला अजून आठवते: 'सुमन पिशवी वजनकाट्यावर ठेवते, काही बोलत नाही, कारण तिला पिशवी ओळखीची आहे.' लिहायला दहा-बारा सेकंद. आणि हे आयत्या वेळी सुचत नाही म्हणून आधीच मनाशी ठरवून ठेवायचं, 'हाक आली, तर पहिल्यांदा पेन्सिल.' मिरचीसारख्या शंका आल्या की त्या जागी नुसतं गोल काढायचं आणि पुढं जायचं. गोल रविवारी भरायचे. मोबाइल फ्रिजवर, उताणा नाही, पालथा.

परत बसल्यावर आणखी एक खड्डा असतो. पुन्हा सूर लागावा म्हणून माणूस पहिल्या पानापासून वाचायला घेतो, वाचता वाचता खाडाखोड करतो आणि वेळ संपतो. वर्षाताईंचा पहिला परिच्छेद इतक्या वेळा घासला गेला होता की त्यात सुमनच उरली नव्हती, नुसती भाषा उरली होती. म्हणून नियम केला: शेवटच्या पाचच ओळी वाचायच्या, मोठ्यानं, पेन टोपण लावून खाली ठेवून. पात्राचा आवाज डोळ्यांपेक्षा कानानं लवकर सापडतो. हे माझं मत आहे, प्रयोगानं सिद्ध झालंय असं म्हणत नाही.

मधल्या एका भेटीत त्या फारच खचल्या होत्या. "बहिणाबाई जात्यावर बसून रचायच्या. मला टेबल आहे, पंखा आहे, तरी रडतेय." बहिणाबाईंचं नाव घेऊन स्वतःला झोडपणाऱ्या बऱ्याच बायका मी पाहिल्या आहेत. मी म्हटलं, ओवीचा ठेका हातातच असतो. जातं थांबलं तरी दांडा धरला की तो पुन्हा येतो. कथेत चार माणसं वावरतात. कोण कुठं उभं आहे, कुणाला काय माहीत नाही, मागच्या पानावर कोण खोटं बोललं, हे सगळं एकाच वेळी डोक्यात तोलून धरावं लागतं. हाक आली की ती उतरंड ढासळते. आणि हो, बहिणाबाईंचं उतरवून घ्यायला सोपानदेव होते.

त्यावरून मी विचारलं, "तुम्ही लिहिता हे घरात कुणाला ठाऊक आहे?"

"आहे की. कथा छापून आल्यात."

"तुम्ही बसलेल्या असताना कुणी विचारलं, काय करतेस, तर काय सांगता?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "काही नाही, असंच."

पतसंस्थेत असताना 'काय करतेस' याचं उत्तर त्या 'काही नाही' देत नव्हत्या. ज्या कामाला आपणच 'काही नाही' म्हणतो ते मोडताना दुसऱ्यानं का कचरावं? पुढच्या आठवड्यात त्यांनी मुलाला आणि नवऱ्याला एवढंच सांगितलं, "पावणेचार ते पाच मी कथा लिहिते. ऑगस्टच्या शेवटी द्यायचीय." मुलाचे 5 व्यत्यय जवळजवळ तिथंच संपले. भाषण करावं लागलं नाही. उलट मुलानं विचारलं, "मग आधी का नाही बोललीस?"

नानांचे 14 मात्र तसेच. सांगून झालं, दार लोटून घेऊन झालं, कडी लावून झालं. दार लावलं की हाका वाढायच्या. हे मला विचित्र वाटलं, म्हणून मी नानांना घेऊन यायला सांगितलं. ते एसटीत वाहक होते. खिशाला पेन, पायात चामडी चपला, बोलणं मोजकं. मी त्यांना लिखाणाबद्दल काही बोलले नाही. दुपार कशी जाते, एवढंच विचारलं.

"दार लोटलेलं असतं," ते म्हणाले. "आत काही आवाज नाही. म्हणून हाक मारतो. ओ आली की बरं वाटतं. मग उगाच कशाला बोलावलं म्हणून चष्मा मागतो."

"चष्मा कुठं असतो?"

"खिशात."

वर्षाताईंना हसू येऊ लागलं होतं, तेवढ्यात नाना पुढं बोलले. "हिची सासू दुपारची झोपली होती. मला वाटलं, झोपू दे. हाक नाही मारली."

सासूबाई दोन वर्षांपूर्वी झोपेतच गेल्या हे वर्षाताईंना ठाऊक होतं. त्या दुपारचा आणि या हाकांचा संबंध मात्र घरात कुणी जोडला नव्हता, बहुतेक नानांनीसुद्धा नाही. मी पाण्याचा पेला पुढं केला. त्या दिवशी आम्ही लिखाणाकडं वळलोच नाही. नंतरच्या दोन भेटी फक्त नानांच्या झाल्या, आणि त्यातलं काही मी इथं सांगणार नाही.

टेबल हलवायची कल्पना वर्षाताईंचीच. बंद दारामागं जागा मिळावी म्हणून त्या वर्षभर झगडल्या होत्या. आता त्यांनी दार सताड उघडं ठेवलं आणि टेबल असं फिरवलं की नानांना खाटेवरून त्यांचं कोपर आणि वहीचा कोपरा दिसेल. पुढच्या आठवड्याच्या नोंदीत नाना 14 वरून 5 वर आले. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला मी 'दार उघडं ठेवा' असं सांगत नाही, कुणी सांगूही नये. कुणाच्या घरी कडीच लागते. हाक कशासाठी येते ते कळल्याशिवाय दाराचं ठरवता येत नाही.

उरलेल्या 5 हाकांची सोय नानांनी स्वतः लावली. "गाडीत आम्ही एक घंटी दिली की चालक लगेच ब्रेक नाही मारत," ते मला समजावून सांगू लागले. "थांबा येतो तिथंच थांबतो. घंटी म्हणजे कुणीतरी उतरणार एवढंच." खाटेशेजारी पाण्याचं फुलपात्र असतं. काम असेल तर चमच्यानं त्यावर एक टोला. वर्षाताई वाक्य पुरं करतात, खूण-ओळ लिहितात, मग उठतात. लागोपाठ वाजवलं तर जसं असेल तसं टाकून धावायचं. माझी 'खूण-ओळ' नानांच्या तोंडी 'थांबा' झाली, आणि खरं सांगायचं तर तोच शब्द बरा आहे.

वाईट दिवस येतातच. गौरी-गणपतीचा पूर्ण आठवडा गेला तेव्हा वहीला हातही लागला नव्हता. पण समासातली ओळ तिथं होती, 'सुमन पैसे मोजते आणि एक नोट परत करते', आणि त्या सोमवारी दहा मिनिटांत पेन चाललं. कथेची तारीख टळली. संपादकांनी पंधरा दिवस वाढवून दिले.

मागच्या शनिवारी त्या आल्या त्या वैतागूनच. आता सगळं ठीक असेल अशा समजुतीत मी होते. पण पाच ओळी मोठ्यानं वाचायची सवय आणि उघडं दार, या दोन्हींचा एकत्र परिणाम काय होईल याचा मी विचार केला नव्हता. नाना रोज ऐकत होते. मिरचीचे देठ खुडल्याशिवाय कांडपाला घेत नाहीत, ते लिहिलंस का, असं त्यांनी एकदा विचारून घेतलं होतं. ते ठीक होतं, तसं लिहिलं नव्हतंच.

"पण आता पाच ओळी वाचून थांबले की पलीकडनं फुलपात्रावर दोन टोले पडतात," त्या म्हणाल्या. "मला पुढचं सुचलेलं नसतं हो मॅडम, आणि हे डबल बेल देतात."